हात टेबलावर असेपर्यंत

मला मधे बोलायची खोड आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोड कसली डोंबलाची! खोड म्हणजे नखं खाणं, खोड म्हणजे दार धाडकन आपटणं. मला समोरच्याचं बोलणं कुठे संपलं ते कळत नाही, एवढंच आहे. दोन माणसं बोलत असतात तेव्हा त्यांचं आपसात काहीतरी गुपचूप ठरलेलं असतं. एक जण श्वास घेतो, भुवई उचलतो, आवाज जरा खाली आणतो, आणि दुसऱ्याला बरोब्बर कळतं की आता आपली पाळी. मला नाही कळत. थांबायला गेले तर थांबूनच राहते आणि विषय कुठल्याकुठे निघून जातो. न थांबता बोलले तर, "आली तोफ!" तोफ हे माझं घरातलं नाव. थोरल्या भावानं ठेवलेलं.

तिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात, तुम्हाला सरळ सांगितलेलं कळतं, इशारे कळत नाहीत. मी दादाला ते सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता तुला मधे तोंड घालायचं सर्टिफिकेटच मिळालं." मी हसले नाही. त्यावर तो वहिनीला म्हणाला, बघ, हिला विनोदही कळत नाहीत. कळतात हो. तो चांगला नव्हता.

मी फर्निचरच्या कारखान्यात आहे. खुर्च्यांचे पाय करते. लोक एकमेकांचे पाय ओढतात, मी निदान करते तरी. आमच्याकडे करवतींचा आणि रंधा मशिनांचा इतका गोंगाट असतो की कानांवर जाडजूड झाकणं लावावी लागतात. फार पूर्वी तिथं करवत चालू असताना दोघं एकदम बोलायला लागले, करवतीवरच्याचं लक्ष उडालं आणि अर्धं बोट गेलं. तो करवतीवरचा म्हणजे आमचे आत्ताचे फोरमन. त्यांनी नियमच घातला. बोलायचं असेल तर समोरच्याच्या टेबलावर तळहात ठेवायचा. तो मशीन बंद करणार, कान मोकळे करणार. हात टेबलावर आहे तोवर पाळी तुमची. मधे थांबलात, शिंकलात, विचार करत बसलात, तरी तुमचीच. हात उचलला की संपलं. मग समोरचा हात ठेवणार.

पहिल्याच दिवशी फोरमननी मला हे समजावलं तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. इतकं सोपं होतं? मग जगानं हे एवढं अवघड कशाला करून ठेवलंय? कारखान्यात मला कुणी तोफ म्हणत नाही. नवीन माणूस आला की त्याला 'हात' शिकवायला मलाच पाठवतात.

आता बाबांचं. बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर हरवलंय. जन्मभर भोंग्यातून बोलले, मधे बोलायची कुणाची टाप नव्हती. भोंग्याला कोण उलट उत्तर देणार? आई गेल्यावर एकटेच राहायचे, पहिल्या मजल्यावर, स्थानकाच्या मागच्याच गल्लीत. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय काठीवर सावरला, हातही बऱ्यापैकी सावरला, पण बोलणं अडकलं. डोकं शाबूत. सगळं कळतं. एक शब्द येतो, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग दुसरा. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, शब्द आत आहेत, यायला वेळ लागतो, घाई करू नका.

घाई करू नका म्हणे! आमच्या घरात! दादा-वहिनी सुरुवातीचे काही दिवस येऊन राहिले होते. बाबांनी नुसतं "मला" म्हटलं की दादा विचारणार, "पाणी?" वहिनी विचारणार, "चहा? पांघरूण? पंखा बंद करू?" बाबा मान हलवून हलवून दमायचे आणि शेवटी पाणी पिऊन टाकायचे. हवा असायचा चष्मा.

मीही काही वेगळी नव्हते. एका संध्याकाळी कामावरून बाबांकडे गेले. दिवसभर सोबतीला असणाऱ्या मावशी निघाल्या होत्या. बाबा म्हणाले, "खिडकी…" मी उठून खिडकी लावली. त्यांनी मान हलवली. मी उघडली. पुन्हा मान. मी अर्धी लावली. तेव्हा बाबांचा पारा असा चढला की त्यांनी जेवणाच्या टेबलावर फाडकन हात आपटला. आणि तो तिथंच राहिला.

माझं तोंड आपोआप मिटलं. इतक्या वर्षांची सवय. टेबलावर हात म्हणजे पाळी त्यांची, विषय संपला. मी बसले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना नवल वाटलं असणार, की तोफ गप्प कशी! मग म्हणाले, "खिडकीबाहेर…" मी थांबले. "पाइपाला… कबुतरानं…" मी थांबले. गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं तरी थांबले. "घरटं… केलंय." आणि दमून हात उचलला.

झटका आल्यापासून ते त्यांचं पहिलं पुरं वाक्य. मी खिडकीतून वाकून बघितलं, खरंच घरटं होतं. मी त्यांना 'हात' समजावला, फोरमनच्या बोटासकट. ते हसले, आणि मुद्दाम टेबलावर हात ठेवून म्हणाले, "अर्धं… बोट?" मग उचलला. माणूस शिकला हो लगेच.

त्यानंतर आमच्या संध्याकाळी झकास जायला लागल्या. एका वाक्याला एक कप चहा गार व्हायचा, पण वाक्य पुरं व्हायचं. दुसऱ्यांसाठी बाबांचं बोलणं म्हणजे जीव टांगणीला. मला मात्र जन्मात पहिल्यांदा घरात कुणाशी तरी बोलता येत होतं. समोरच्याचं कधी संपलं ते डोळ्यांनी दिसायचं. बाबा दादाकडे गेले तर मला बोलायला माणूस उरणार नव्हतं, आणि बाबांना ऐकायला.

आणि दादा त्यांना न्यायलाच येणार होता.

रविवारी सकाळी तो आणि वहिनी आले. दादा दुसऱ्या शहरात राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि बोलण्यात असा तरबेज की समोरच्याला वाटावं ही कल्पना आपलीच. टेबलाभोवती बसलो. एका बाजूला बाबा, त्यांच्या शेजारी मी, समोर ते दोघं. वहिनीनं चहा केला, बिस्किटं काढली.

दादानं सुरुवात केली. त्याच्याकडे लिफ्ट आहे, हॉस्पिटल कोपऱ्यावर आहे, बाबांसाठी स्वतंत्र खोली तयार आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतलेत, वहिनीनं स्वतः उभं राहून. एकही मुद्दा खोटा नव्हता. म्हणून तर माझा संताप होत होता. मी माझं बोलणं घरून पाठ करून आणलं होतं. माझी खोली तळमजल्यावर आहे, कारखान्यापासून चार पावलांवर, दुपारच्या सुट्टीत येऊन बघता येईल, आणि बाबांशी बोलता येतं ते फक्त मला. पण हे घुसवायचं कुठे? दादा थांबला की वहिनी सुरू, वहिनी थांबली की दादा. मी तोंड उघडायची आणि मिटायची.

"आणि खरं सांगू का," दादा चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "मला रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. त्या दिवशी फोनवर मी…"

तो थांबला. मला वाटलं, ही फट. हीच.

"बाबा माझ्याकडे येतील!" मी म्हटलं. "माझी खोली तळमजल्यावर आहे, कारखाना जवळ आहे, दुपारी मला येता येतं…"

"अगं, एकदा तरी मला वाक्य पुरं करू देशील का?" दादा असा ओरडला की वहिनीचा कप हिंदकळला. "एकदा! बाबांचं कसं करायचं हे बोलतोय आपण, आणि तुझं आपलं नेहमीचं, मधेच तोंड! तुझ्याकडे ठेवायचं त्यांना? तुला समोरचा काय बोलतोय ते कळत नाही, तू बाबांना काय कळून घेणार?"

"मला कळतं! तुलाच कळत नाही! तू त्यांना बोलूच देत नाहीस!"

"मी? मी बोलू देत नाही? वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

झालं. मग जे सुरू झालं त्यात कुणाची पाळी आणि कुणाचं काय. तो बोलतोय, मी बोलतेय, वहिनी "हळू, हळू, शेजारी ऐकतील" म्हणतेय, तीही ओरडूनच. लहानपणी खिडकीपाशी कुणी बसायचं यावरून भांडायचो, अगदी तस्सं.

तेवढ्यात माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, बाबांनी टेबलावर हात ठेवला.

वहिनीलाही दिसलं. तिनं पटकन त्या हाताखाली चहाचा कप सरकवला. बाबांनी कप बाजूला केला आणि हात ठेवला. "बिस्कीट हवंय का, बाबा?" बिस्कीट आलं. बाबांनी तेही सारलं आणि पुन्हा हात. आता दादानं बघितलं. तो पुढे वाकला, बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागला. "घाबरू नका बाबा, आम्ही भांडत नाही. आपण सगळं नीट करणार आहोत." बिचारे बाबा हात सोडवून घ्यायला बघत होते आणि दादा तो आणखी प्रेमानं घट्ट धरत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"हात सोड त्यांचा!" मी म्हटलं.

"तू आता गप्प…"

"नाही बसणार गप्प! त्यांची पाळी आहे! हात ठेवलाय त्यांनी!"

घरात मी जन्मभर मधे बोलत आले, पण इतक्या जोरात कधीच नाही. दादानं हात सोडला. मी नियम सांगितला, धडाधडा, फोरमनचं बोट, करवत, सगळं. दादा म्हणाला, "ही काय शाळा आहे का?" पण बाबांनी मान डोलवली, एकदा त्याच्याकडे बघून, एकदा वहिनीकडे बघून. मग हात टेबलावर सपाट ठेवला, बोटं पसरून, पूर्वी घोषणेआधी माइकपाशी ठेवायचे तसा.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक गाडी भोंगा वाजवत गेली.

"दादाकडे…" बाबा म्हणाले.

दादाचं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

"जाईन."

"झालं तर मग!" दादा खुर्चीत मागे टेकला. एवढा मोठा सुस्कारा सोडला त्यानं. "ऐकलंस? त्यांच्याच तोंडून ऐकलंस ना?"

ऐकलं. इतक्या संध्याकाळी, इतका गार चहा, आणि बाबांना दादाकडे जायचंय. मला उठून चपला घालून निघून जायचं होतं. ओरडायचं होतं की कुणी सांगितलं तुम्हाला बोलायला. वहिनी तर बॅगेचंही बोलायला लागली, की स्वेटर वरच्या कप्प्यात असतील ना.

आणि मला दिसलं की बाबांचा हात टेबलावरच आहे.

खरं सांगते, पुढचं ऐकायची मला अजिबात इच्छा नव्हती. पहिलंच पुरे झालं होतं. पण हात तो हात.

"त्यांचं संपलं नाही," मी म्हटलं. "हात आहे अजून."

"अगं, आता काय राहिलंय?"

या वेळी वहिनीनंच दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांबा ना जरा."

"चार दिवस," बाबा म्हणाले. घाम आला होता त्यांना. "पाहुणा… म्हणून." मग मान माझ्याकडे वळवली. "हिच्याकडे… पण. चार… दिवस."

दादानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. कोण हरलं ते दोघांनाही कळेना.

"राहणार… इथं."

दादाला राहवत नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. पण तो थांबला, बाबांच्या हाताकडे बघत थांबला.

"इथं… मला… सगळं… सापडतं," बाबा म्हणाले. "दिवा… कुठं. साखर… कुठं. विचारायला… नको." मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी मनातल्या मनात एका खुर्चीचा पाय तासून पुरा केला. "तुमच्याकडे… सगळं… मागायला… लागेल." आणि अगदी शेवटी, "मागायला… फार… वेळ… लागतो… रे."

हात उचलला. कप ओढून घेतला आणि गार चहा एका घोटात संपवला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे यायचं म्हणून मी खोलीतलं कपाट हलवून त्यांच्या पलंगाला जागा करून ठेवली होती. दादाच्या त्या दांड्यांसारखंच झालं की ते. दोघांनीही बाबांसाठी सगळं करून ठेवलं होतं, विचारायचं तेवढं राहिलं होतं. मग वहिनीनं नाक पुसलं आणि कामाला लागली. ती मूळची व्यवहारी. दांडे इथंही बसवता येतात म्हणाली. दिवसा मावशी आहेतच. पण रात्री असे एकटे किती दिवस राहणार?

बाबांनी हात ठेवला, माझ्याकडे बोट केलं, "ही," म्हणाले, आणि उचलला. म्हणजे मी त्यांना न्यायला आले होते आणि त्यांनी मलाच ठेवून घेतलं. विचारलं नाही ते नाहीच. पण माझी ना नव्हती.

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. दादा आत आला, ओट्यापाशी घुटमळला. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं. मग अवघडल्यासारखा ओट्यावर तळहात ठेवला.

"ठेवला," तो म्हणाला.

मी नळ बंद केला.

"त्या दिवशी मी फोनवर होतो बाबांशी," दादा म्हणाला. "ते स्थानकाचं काहीतरी सांगत होते. नवीन माणूस गाड्यांची नावं नीट घेत नाही, असं काहीतरी. आणि बोलता बोलता थांबले. मला वाटलं, संपलं." तो गप्प झाला. हात होता. मी थांबले. "म्हणून मी माझं सुरू केलं. ऑफिसचं. पोरीच्या परीक्षेचं. बराच वेळ. मला वाटलं, ऐकतायत. ते तिकडे खाली पडले होते गं, आणि मी बोलत होतो. 'हो ना बाबा' म्हणत होतो मधून मधून."

ज्याला कुणाचं कधी संपलं ते बरोब्बर कळतं असं आम्ही सगळे म्हणायचो, तो हा दादा. मला लगेच पुष्कळ काही म्हणावंसं वाटलं, तुझी चूक नाही, कुणालाही तसंच वाटलं असतं. पण हात ओट्यावर होता.

"आता ते थांबले ना, की माझ्या छातीत धस्स होतं," दादा म्हणाला. "मग मी काहीतरी बोलून टाकतो. पाणी हवं का, हे हवं का. ते 'नाही' तरी म्हणतात. म्हणजे आहेत."

त्यानं हात उचलला. "तेच सांगत होतो मघाशी. आता तू बोल."

मी ओला हात पुसला आणि ओट्यावर ठेवला. तोफ ना मी? एक शब्द सुचेना. पण हात ठेवलेला होता, म्हणून दादा थांबला. आम्ही दोघं तसेच उभे होतो. शेवटी मी नुसताच हात उचलला आणि तो म्हणाला, "बरं."

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. मी तो टेबलावर मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. बाबांनी फोनशेजारी तळहात ठेवला आणि त्याला कबुतराचं सांगायला घेतलं.

"पिल्लं…" बाबा म्हणाले, आणि अडकले.

पलीकडे दादाचा श्वास ऐकू येत होता. बाबांचा शब्द काही येईना. श्वास भराभर व्हायला लागला. मला वाटलं, आता विचारणार, पाणी हवं का.

"हात आहे ना गं टेबलावर?" दादानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा.

"आहे," मी म्हटलं.

"बरं. मग थांबतो."

बाबांनी डोळे वटारून माझ्याकडे बघितलं. पाळी त्यांची होती, आणि मी मधे बोलले होते.